उघडी राहिलेली झडप

थर्झा आठ-नऊ वर्षांची असताना तिनं एक भांडण ऐकलं होतं. आईबापांच्या बोटीत, केबिनमधल्या आडव्या फळीवर, दोन भावंडांच्या मध्ये ती पडली होती. नुकतं उजाडलं होतं. बाहेर कालव्यावरच्या लॉकच्या दगडी कठड्यावर दोन बोटवाल्या बायका समोरासमोर उभ्या राहून एकमेकींचा उद्धार करत होत्या, आणि बोटीची भिंत ती काय, दोन अंगुळं जाडीची फळी. शब्द न् शब्द आत येत होता.

“रात्रभर पाणी वाहत होतं गं बये, रात्रभर! माझी पोरं चिखलात वाकडी निजली.”

“मी झडप टाकली होती. देवाशपथ टाकली होती.”

“मग काय बदकांनी उघडली?”

“माझ्या नवऱ्याला विचार हवं तर.”

“तुझा नवरा! त्याला स्वतःची चड्डी बंद आहे का विचार आधी, मग झडपेचं विचार!”

यावर कठड्यावरचे पुरुष हसले आणि ती दुसरी बाई रडायला लागली. थर्झाच्या लक्षात हसणं राहिलं नाही, रडणं मात्र राहिलं. त्या रडणाऱ्या बाईच्या घराला पुढं ‘सांडे’, म्हणजे पाणी सांडणारे, असं नाव पडलं. तिचा मुलगा लग्नाला आला तेव्हासुद्धा मुलीकडचे विचारत होते, “सांड्यांच्यातलाच ना हा?”

लॉक म्हणजे बोटींची पायरी. दोन्ही टोकांना लाकडी दारं, दारांमध्ये पाणी सोडायच्या झडपा, आणि झडप वर-खाली करायचं लोखंडी हँडल ज्याचं त्यानं आपल्या कमरपट्ट्यात बाळगायचं. एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंतचं पाणी म्हणजे एक टप्पा. दोन्ही दारांच्या झडपा उघड्या राहिल्या की वरचा टप्पा खाली वाहून जातो आणि वरच्या सगळ्या बोटी चिखलात बसतात. आमच्या कालव्यावर दारू पिऊन पाण्यात पडलेला माणूस चालतो, दुसऱ्याच्या परड्यातला कोबी उचलणारा चालतो, झडप उघडी टाकून जाणारा चालत नाही.

थर्झा पिल्बीमचा जन्म बोटीवरचा, लग्न बोटीवरचं, आणि म्हातारपणही तिथंच आलं. नवरा जेम कोळसा वाहायचा. मग कोळसा लॉऱ्यांनी जायला लागला, कंपनी बंद पडली, आणि जेमनं ठरवलं की आपल्याच बोटीचं घर करायचं. मागची केबिन होतीच, जेमतेम दोघांना पाय मुडपून झोपता येईल एवढी. पुढं बोटीचं लांबलचक पोट होतं, जिथं आयुष्यभर कोळसा भरला. तिथं त्यानं निम्म्या लांबीवर छप्पर चढवलं, एक खिडकी बसवली, एक दार केलं. उरलेल्या निम्म्यावर ताडपत्री तशीच. बाकीच्या फळ्या आणून रचून ठेवल्या आणि शरद ऋतूत, सफरचंदं झाडावर असताना, जेम गेला. दाराला कडीसुद्धा बसवायची राहिली होती.

थर्झानं त्या पुढच्या खोलीत कुणाला येऊ दिलं नाही. तिची केबिन म्हणजे आरसा होती. पितळेच्या मुठी लखलखीत, भिंतीवर जाळीच्या कडेच्या बश्या, छतावर गुलाब रंगवलेलं पाण्याचं भांडं. आणि दारापलीकडं हे अर्धवट धूड, उघडे खिळे, भोकांतून शिट्टी घालणारा वारा. बोटवाल्या बाईची अब्रू तिच्या केबिनमध्ये असते, आणि हिची निम्मी अब्रू ताडपत्रीखाली झाकलेली. कुणी विचारलं की म्हणायची, “चाललंय काम.” काम कोण करतंय हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

त्याच वर्षी तो मोठा हिवाळा आला. नाताळनंतर कालवा गोठला तो गोठलाच. पहाटे पांघरूण भिंतीला चिकटलेलं असायचं, ओढून सोडवावं लागे. दुधाची बाटली शेगडीजवळ झोपवायची, बाळासारखी. बोटी हलेनात, माल येईना, आणि खालच्या लॉकची जुनी दारं मात्र थेंबथेंब गळतच होती. त्यामुळं थर्झाच्या टप्प्यातलं पाणी बर्फाखालून हळूहळू उतरत गेलं आणि एके दिवशी तिची बोट तळाला टेकून एका अंगावर कलली.

कललेल्या बोटीत राहून बघावं कुणीतरी. चहाचा पेला सरकतो, शेगडीचं दार आपोआप उघडतं, झोपलं की माणूस भिंतीला जाऊन चिकटतो आणि भिंत तर बर्फाची. तिसऱ्या दिवशी थर्झानं किटलीभर उकळतं पाणी घेतलं, हँडल घेतलं आणि दुपारी वरच्या लॉकवर गेली. झडप वर-खाली करणाऱ्या लोखंडी पट्टीच्या गोठलेल्या दात्यांवर पाणी ओतलं, वरच्या दाराची एक झडप उचलली, खालच्या दाराची एक उचलली. वरच्या टप्प्यातलं थोडं पाणी आपल्या टप्प्यात घ्यायचं, एवढंच. असं सगळेच करतात. नियम एकच, पाणी सोडलं की बंद करेपर्यंत तिथून हलायचं नाही. पण शेगडीवर मटणाच्या हाडांचं कालवण होतं, आणि कललेल्या शेगडीवर ते उतू जाणारच होतं. ती म्हणाली, बघून येते.

कालवण उतू गेलं नव्हतं. तिनं वाटीभर घेतलं, पाय शेगडीशी धरले. कितीतरी दिवसांनी पाय उबेला आले होते. तिला झोप लागली.

जाग आली ती उजाडताना, आणि पहिली जाणीव झाली ती सुखाची. बोट सरळ होती. पेला जागच्या जागी उभा होता. ती पांघरुणात तशीच पडून राहिली, किती बरं वाटतंय म्हणून. मग वरच्या टप्प्याकडून माणसांची ओरड ऐकू आली आणि ती पांघरूण टाकून बाहेर धावली.

वरच्या टप्प्यात पाणी उरलंच नव्हतं. बर्फाचे पत्रे चिखलावर मोडून पडले होते. जुन्या बोटवाल्यांच्या बोटी सैल बांधलेल्या, त्या निमूट खाली बसल्या. पण सिरिल ऑकेंडन आणि त्याची बहीण इनिड नवीन होते. सिरिल शहरातल्या टोप्यांच्या दुकानात कामाला होता. लोकांनी टोप्या घालायचं सोडलं आणि दुकानानं सिरिलला सोडलं. भावंडांनी एक जुनी कोळशाची बोट घेऊन तिचं घर करायला काढलं होतं, तेही अर्धवटच. त्यांनी दोर घट्ट आवळून बांधले होते. पाणी गेलं तशी बोट दोरांना लटकली, कलली, मग दोर तुटले आणि ती कुशीवर आपटून तिच्या तळाची फळी निखळली. भावंडं चिखलातून रांगत वर आली होती. इनिडच्या अंगावर गोधडी, सिरिलच्या डोक्यावर टोपी.

अॅम्ब्रोज तिथं उभा होता. कालव्याच्या त्या भागाचा राखणदार तोच, जेमचा चुलतभाऊ. “कुणी केलं?” असं कुणी विचारलंच नाही, कारण तो आधीच सांगत सुटला होता. “हेच दोघं काल सकाळी गोठलेली झडप हलवून बघत होते ना? तेव्हाच झडप नीट टाकली नसेल. शहरातली माणसं! नळ तरी बंद करता येतात की नाही यांना?”

“मी टाकली होती,” सिरिल म्हणाला. मग थांबला. “टाकली होती असं वाटतंय.”

“वाटतंय!” इनिड म्हणाली. “याच्या डोक्यात टोपीखेरीज काही मावतच नाही.”

थर्झानं कमरेला हात लावला. पट्टा रिकामा होता. तिचं हँडल ओळखू येणारं होतं, लोखंड थंडीत हाताला चावतं म्हणून जेमनं मुठीवर दोरी गुंडाळून दिली होती. ते तिनं झडपेच्या दांड्यावर तसंच सोडलं होतं. ती धावतपळत लॉकवर गेली. दांडा रिकामा. परत आली तर हँडल तिच्या केबिनच्या छतावर, पाण्याच्या भांड्याला टेकवून नीट ठेवलेलं. तिनं मान वळवून पाहिलं. अॅम्ब्रोज तिच्याकडंच बघत होता, आणि तिनं पाहिल्याबरोबर त्यानं नजर दुसरीकडं नेली.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. आणि त्यानं ठरवलं होतं.

तिनं तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा, पण बाहेर आलं ते भलतंच. “माझ्याकडं पुढं खोली आहे,” ती म्हणाली. “अर्धीच आहे, पण छप्पर आहे.”

जी खोली तिनं मैताला आलेल्या बहिणीला दाखवली नव्हती, तिथं ती परकी भावंडं राहायला आली.

ते आठवडे थर्झानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. थंडीचं काही नाही, थंडी सगळ्यांनाच होती. खोलीत दोन बाजा मावल्या, मधे एक चादर टांगली. सकाळी ताडपत्रीच्या आतल्या बाजूला बर्फाची बुरशी यायची, ती इनिड झाडूनं पाडायची आणि म्हणायची, “सिरिल, ऊठ, आपल्या घरात हिमवर्षाव झालाय.” सिरिल रोज कोळसा फोडायचा, राख टाकायचा, बर्फ फोडून बादल्या भरायचा. थर्झानं नको म्हटलं की तो टोपी काढून उभा राहायचा.

“मिसेस पिल्बीम, माझ्यामुळं एवढं झालं, आणि तुम्ही आम्हाला घरात घेतलंत. मी राखसुद्धा टाकू नको का?”

“झालं गेलं, मिस्टर ऑकेंडन.”

“नाही हो. मी रोज रात्री ते परत परत करून बघतो. हात वर, दाता, झडप खाली. खाली गेल्याचं मला दिसतं. पण मग ती उघडी कशी सापडली? म्हणजे मला जे दिसतं ते मी मनानं जुळवतोय.”

थर्झा भांडं घासत राहिली. भांडं स्वच्छ होतं.

जेवायला तिघं तिच्या केबिनमध्ये बसायची, गुडघ्याला गुडघा लावून. डुकराच्या चरबीत परतलेला पाव, चहा, असला तर कांदा. सिरिल खाली मान घालून खायचा आणि दुसऱ्यांदा कधी मागायचा नाही. इनिड त्याला बोलायची. “घे की. बोट बुडवलीस, भूक पण बुडवलीस का?” तो हसायचा, आणि थर्झाला घास गिळवत नसे. तिला वाटे, हे सगळं माझं आहे. मान त्याची खाली आहे, पण घालायची मला होती. एक दोनदा तिनं मनाशी जुळवूनही पाहिलं, की वर पाणी थोडंच होतं, दारं गळकी होती, दोर त्यांनीच आवळले होते. जुळवता जुळवता ती सकाळ आठवायची, सरळ झालेली बोट आणि पांघरुणातलं ते सुख, आणि तिचे कान तापायचे.

नळावर तर त्याहून वाईट. बर्फामुळं एकच नळ चालू होता, धक्क्यावरचा, तोही अॅम्ब्रोज रोज चिंध्या जाळून सोडवायचा. पाण्याला आलेली पोरं सिरिलला बघून म्हणायची, “आले सांडे!” बायका गप्प करायच्या, पण हसून. आणि थर्झाला म्हणायच्या, “मावशी, तुमचं मन मोठं बाई. आम्ही तर दारात उभं केलं नसतं.”

बर्फ पातळ व्हायला लागलं तशी कुजबुज पक्की झाली. एका रविवारी, नळावर सगळे जमले असताना, अॅम्ब्रोजनं चिंधी फुंकता फुंकता सांगून टाकलं. “ऑकेंडन, पाणी सुटलं की तुम्ही निघायचं. तुमचा तो लाकडाचा ढीग मी बाहेर काढून टाकीन. या कालव्यावर तुम्हाला बोट बांधायला जागा नाही.”

इनिडनं हातातली बादली खाली ठेवली. त्या दोघांना जायला दुसरी जागा नव्हती, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. सिरिलनं टोपी काढली.

“तुमचं बरोबर आहे,” तो म्हणाला. “मीच ते...”

“त्यानं नाही,” थर्झा म्हणाली. “मी.”

“काय तू?”

“झडप. मी उघडली होती. माझ्या टप्प्यात पाणी घ्यायला. आणि झोपले.”

अॅम्ब्रोज चिंधी फुंकायचा थांबला. मग कुणीतरी हसलं. एका बाईनं तर डोळ्याला पदर लावावा तसा रुमाल लावला. “बघा गं बाई! परक्यासाठी स्वतःच्या अंगावर घेतेय. थर्झामावशी, अहो तुम्ही आणि झडप विसराल? तुम्ही तर झोपेत पण झडप टाकून याल.”

“थंडीनं डोकं फिरलंय तिचं,” अॅम्ब्रोज म्हणाला. “घरी जा, थर्झा. शेगडी पेटव.”

इथं थांबता आलं असतं. बोलून झालं होतं, आणि कुणी मानलंही नव्हतं. लोक तिला आधीपेक्षा चांगली समजायला लागले होते. तिच्या अंगाचा शरमेनं जाळ झाला.

“अॅम्ब्रोज,” ती म्हणाली, “माझं हँडल त्या सकाळी कुठं होतं?”

“तुझ्या छतावर.”

“तिथं कुणी ठेवलं?”

अॅम्ब्रोजनं चिंधी नळाला आणखी जवळ धरली. नळ केव्हाच सुटला होता, पाणी त्याच्या बुटावर पडत होतं.

“ठेवलं मी,” तो शेवटी म्हणाला. “खालच्या दाराच्या दांड्यावर होतं. मग काय करायचं होतं मी? जेमची बायको तू. तुला सांडी म्हणवून घेऊ देऊ?”

आता मात्र कुणी हसलं नाही. ज्या बाईनं रुमाल काढला होता तिनं तो परत खिशात घातला. प्रत्येकानं आपापलं भांडं भरलं, जरा जास्तच काळजीनं, आणि जो तो निघून गेला. पोरंसुद्धा.

इनिड तिथंच उभी होती. “मी माझ्या भावाला एवढे दिवस जे जे बोलले,” ती थर्झाला म्हणाली, “ते आता कुठं नेऊन ठेवू?”

सिरिल ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं टोपी डोक्यावर घातली, नीट, दोन बोटांनी कड सरळ केली.

“बोटीचं जाऊ द्या, मिसेस पिल्बीम,” तो म्हणाला. “चूक कुणाकडूनही होते. पण एवढे आठवडे मी तुमच्यासमोर बसून मान खाली घालून जेवलो. तुम्ही समोर बसून ते बघत होतात.”

त्याच दुपारी त्यानं काठावर दोन काठ्या आणि एक ताडपत्री उभी केली आणि त्यात राहायला गेला. इनिड पुढच्या खोलीत राहिली, कारण तिचं म्हणणं पडलं की अभिमानानं पाय गरम होत नाहीत. पण जेवण दोघं तंबूत करायची.

बर्फ सुटलं. अॅम्ब्रोजनं स्वतःहून पंप आणला, चार माणसं आली, कुणी फार बोललं नाही, आणि सिरिलची बोट वर काढून लॉकच्या खालच्या अंगाला, थर्झाच्या टप्प्यात आणून बांधली. जागेचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. एका सकाळी थर्झानं जेमनं रचून ठेवलेल्या सगळ्या फळ्या, एकेक करून, काठाच्या वाटेनं नेल्या आणि सिरिलच्या बोटीशेजारी ठेवल्या. त्या तिथं बरेच दिवस पावसात पडून होत्या. मग एक दिवस त्यांतली एक कमी झाली, मग आणखी दोन. त्याच्या बोटीचं घर त्या उन्हाळ्यात पुरं झालं. थर्झाचं कधीच झालं नाही. ती शेवटपर्यंत निम्म्या छपराखाली आणि निम्म्या ताडपत्रीखाली राहिली, आणि कुणी विचारलं तर आता “चाललंय काम” म्हणत नसे. “एवढंच आहे,” म्हणायची.

तोंडावर तिला कुणी काही बोललं नाही. पण तिच्या लॉकवरून बोट जाताना पूर्वी बायका हाक मारायच्या, “मावशी, झडप घ्या हो जरा!” आता त्या पोरांना पाठवायच्या, नाहीतर स्वतः उड्या मारून यायच्या, “तुम्ही बसा मावशी, मी करते,” म्हणत. मायेनंच म्हणायच्या. ती मायाच तिला बोचायची.

म्हणून ती संध्याकाळी जायला लागली, सगळ्या बोटी बांधून झाल्यावर. हँडल न घेता जायची, नुसतं बघायला. वरच्या दाराच्या दोन्ही दात्यांवरून हात फिरवायचा, मग फळीवरून पलीकडं, मग खालच्या दाराच्या दोन. येताना सिरिलच्या बोटीवरून वाट होती. पहिल्या वर्षी तो बोलला नाही. दुसऱ्या वर्षी एकदा, पाइप पेटवता पेटवता, त्यानं विचारलं, “बंद आहेत?” ते टोचूनच विचारलं होतं, आणि थर्झानं ते तसंच घेतलं. “बंद आहेत,” ती म्हणाली आणि पुढं गेली. मग तो रोज विचारायला लागला. त्यातलं टोक कधी गेलं हे त्या दोघांनाही सांगता आलं नसतं. पुढं इनिड गेली, मग अॅम्ब्रोज गेला, नवा राखणदार आला तो मोटारीतून येणारा. सिरिलची टोपी तीच राहिली, कडा तेवढ्या झिजल्या.

थर्झा गेली ती एका मार्चमध्ये, झोपेत, आपल्या केबिनमध्ये. आदल्या संध्याकाळी वारा होता. शेगडीवर पाणी ठेवून, ते उकळायला लागल्यावर उतरवून बाजूला ठेवून, मगच ती निघाली. गुडघे दुखत होते म्हणून फळीवरून जाताना कठडा धरला. वरचे दोन दाते चाचपले, खालचे दोन चाचपले. एका दात्यावर गवताची काडी अडकली होती, ती काढून पाण्यात टाकली. परत येताना सिरिल खिडकीतून डोकावला.

“बंद आहेत?”

“बंद आहेत,” ती म्हणाली. “खिडकी लाव, वारा आहे.”

आणि काठाकाठानं आपल्या बोटीकडं गेली.